सुभेदारांच्या पेटीचं लगेज

सांगली,
मार्च १९६६, रविवार दुपार

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांवर कृष्णातचं डोकं (डोक्यात सध्या काही उरलेलं नाही, तेव्हा वजन लागणार नाही).

आक्काचा गुडघा आता कसा आहे? तुमचा खोकला गेला का, की अजून पहाटे म्हसवडला जाग आणतोय? आमच्याकडं सगळं ठीक आहे, म्हणजे कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल शालू आता बोलायचीही बंद झाली, नुसती थापते आणि पुढं सरकवते. मीही नुसता गिळतो. हे पत्र काही मागायला लिहीत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. कंडक्टरला दिवसभर मागायची सवय असते, निदान सुट्टीच्या दिवशी ती मोडावी म्हणतो. फक्त एका प्रकरणात तुमचा सल्ला हवा आहे, आणि प्रकरण मुळापासून सांगितल्याशिवाय तुम्ही सल्ला देणार नाही हे मला माहीत आहे. तेव्हा पान वगैरे लावून निवांत बसा.

दाजी, मी थकलोय. पाय थकतात ते वेगळं, घसा बसतो तो वेगळा, पण खरे थकतात ते कान. इंजिन, घंटी, खडखडणाऱ्या काचा, सीटखालच्या कोंबड्या आणि सुट्ट्या पैशांवरून चाललेली भांडणं, हे सगळं घरी आल्यावरही कानांत चालूच राहतं. शालू काहीतरी विचारते आणि मी तिला ‘पुढं सरका’ म्हणतो. म्हणून मला गाणं लागतं. (लोकांना तंबाखू लागते, त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.) स्टँडसमोरच्या हॉटेलात तबकड्या लावायचे, तेव्हा एक गाणं पुरं ऐकायला मी दोन-दोन चहा पोटात ढकलायचो. ते हॉटेल गेल्या साली बंद झालं आणि मालकानं कपबश्यांबरोबर तबकड्याही विकायला काढल्या. शहाण्या लोकांनी कपबश्या घेतल्या. मी तबकड्या घेतल्या. वाजवायला यंत्र नाही, ही गोष्ट घरी आल्यावर शालूनं लक्षात आणून दिली. तेव्हापासून त्या तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेत तळाशी आहेत. मी अधूनमधून काढून पुसतो. पुसून पुसूनच त्यातलं गाणं निघून जाईल असं तिचं म्हणणं आहे.

अशा अवस्थेत गेल्या महिन्यात माझ्या कवठे महांकाळच्या गाडीत सुभेदार केरबा चढले. हे तोफखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. तोफांनी त्यांचे दोन्ही कान नेले, त्यामुळं समोरचाच बहिरा आहे असं समजून बोलतात. हातात लष्करी कांबळ्यात गुंडाळलेली जड पेटी. मी टपाकडं बोट दाखवलं. त्यांनी सीटकडं दाखवलं. मी नियम सांगितला, तो अर्थातच त्यांना ऐकू गेला नाही. मग ते अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, “टपावर तू बस. ह्येला तिकीट फाड!” बायका उभ्या असताना पेटीला सीट द्यायची म्हणजे गाडीत दंगल व्हायची. शेवटी लगेजचं तिकीट फाडलं, पेटी माझ्या स्वतःच्या जागेवर ठेवली आणि कवठ्यापर्यंत उभा गेलो. (कंडक्टर उभाच असतो म्हणा, पण जागा असून उभं राहण्यात निराळा शीण असतो.) मधल्या एका थांब्यावर मी सहज म्हणून कांबळं बाजूला केलं, आणि दाजी, माझा दिवस तिथंच संपला.

आत तबकडी वाजवायचं विलायती यंत्र होतं. आपल्याकडं किल्ली देतात आणि वर कर्णा असतो, तसलं नव्हे. सागवानी चौकट, तिच्यात जाडजूड ताट. बोटानं हलकं ढकललं तर आवाज न करता किती वेळ फिरतच राहतं. बाजूला एक नाजूक दांडी, तिच्या मागच्या टोकाला तोलायचं छोटं वजन, पुढच्या टोकाला सुई. देवळालीचा कुणी साहेब शिकायला परदेशी जाताना हे सुभेदारांना विकून गेला होता. सुभेदार सांगलीला त्याची सुई बदलायला आले होते, कारण ते आता त्यांना विकायचं होतं. मला म्हणाले (मला म्हणजे सगळ्या गाडीला), “ऐकू येत न्हाई आता गड्या. नुसतं फिरताना बघायचं तर भवरा काय वाईट? पर बघून इकणार. वरातीत नाचवणाऱ्याला देणार न्हाई.”

आता घरातली गोष्ट सांगतो, म्हणजे पेच कळेल. शालू शेजारच्या लीलाबाईंच्या मशिनीवर चोळ्या शिवते. मशीन लीलाबाईंची, त्यामुळं वेळ लीलाबाईंची, आणि त्यांची मर्जी फिरली की शालू हातानं टाके घालत बसते. डोळे चुरचुरतात. म्हणून आम्ही दोघांनी मिळून शिवणयंत्रासाठी डब्यात पैसे टाकायला सुरुवात केली. मला चहा बंद, तिला नवं लुगडं बंद. डबा आता भरत आला होता. आणि त्याच डब्याकडं मी त्या संध्याकाळी वाकड्या नजरेनं बघितलं. नुसतं बघितलं, दाजी. पण शालूनं मला बघताना बघितलं.

मी ठरवलं की नुसतं बघून यायचं. बघायला काय पैसे पडतात? फक्त एकट्यानं कसं जायचं म्हणून आष्ट्याहून आपल्या तात्याबा चुलत्यांना बोलावून घेतलं, आणि इथं माझं चुकलं. तात्याबांनी सगळी हयात खरसुंडीच्या बाजारात बैल पारखण्यात घालवली. त्यांच्या लेखी कुणाच्या दारात नुसतं बघायला जाणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. नवा पटका बांधून आले. सुभेदारांच्या पडवीत पेटीभोवती एक फेरी मारली, ताटावरून पाठ चोळावी तसा हात फिरवला, सुई बघायला वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, “दात बरं हाईत. खोड काय?” मी म्हटलं, आवं तात्या, यंत्राला खोड नसते. ते म्हणाले, “इकायला काढलंय म्हंजे खोड असतीच. बैलात न्हाई तर मालकात.”

सुभेदार तोवर जमिनीवर पालथे पडून गवंड्याची पाणसळ लावत होते. पेटी केसभरही कलती ठेवलेली त्यांना चालत नाही. पाण्यातला बुडबुडा मधोमध आला तेव्हा उठले, गुडघे झटकले, पेटीची वायर आपल्या सुनेच्या रेडिओच्या पाठीत खुपसली आणि मी ट्रंकेतून बरोबर नेलेली तबकडी लावली. दाजी, यापुढं मला थट्टा करता येत नाही. तेच गाणं मी हॉटेलात पन्नासदा ऐकलं असेल, पण त्यात बाई श्वास घेते हे मला माहीतच नव्हतं. ओळ संपली की ती श्वास घेते, आणि मग तबलजी तिच्यासाठी थोडा थांबतो. माझ्या कानांतलं इंजिन बंद पडलं. किती वर्षांनी बंद पडलं ते सांगता येत नाही. सुभेदार माझा खांदा हलवून विचारत होते, “काय म्हणती रं? काय म्हणती?” मी त्यांच्या कानाशी ओरडून एकेक ओळ सांगत होतो आणि ते मान डोलवत होते, सगळी बेताल. दोन ओळी सांगितल्या, मग मला सांगायचं सुचेना, आणि त्यांनी विचारायचं सोडलं.

इकडं तात्याबांनी सौदा सुरू केला. तुम्ही बाजारातले, तुम्हाला रीत सांगायला नको, पण कागदावर राहावी म्हणून लिहितो. उपरण्याखाली दोघांचे हात, तोंडानं अक्षर नाही. नुसती बोटं धरली तर दहाच्या हिशेबानं, मनगटापाशी दाबलं तर शेकड्याच्या. समोर बहिरा माणूस, किंमत ओरडून सांगायची तर शेजारपाजार गोळा व्हायचा, त्यामुळं तात्याबांना ही रीत फारच सोयीची वाटली. सुभेदारही शेतकऱ्याचं पोर, त्यांनी उपरण्याखाली हात घातला. मी गाण्यात होतो. मान वर केली तोवर तात्याबा ‘झालं’ म्हणत होते, सूनबाई गुळाचे खडे वाटत होती आणि विसाराचा रुपया माझ्याच खिशातून गेला होता. परतीच्या वाटेवर मी विचारलं, तात्या, किती? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “चार.” चार काय? “चार म्हंजे चार. उपरण्याखालचं तोंडात आणायचं न्हाई.” त्यांचं तोंडही कडू दिसत होतं, पण मी म्हटलं, गाडी लागली असेल. मग आष्ट्याला गेले ते पुन्हा फिरकले नाहीत.

अशा यंत्राचे चार म्हणजे चारशे, हे लहान पोरही सांगेल. डबा मोडून वर आणखी कुठून तरी उभे करावे लागणार होते. मी डबा घेऊन बसलो, ठेवला, पुन्हा घेतला. शालू भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, “घाम तुमचा हाय, तुमीच ठरवा.” भांडली असती तर सोपं गेलं असतं. शब्द दिला, विसार दिला, आता माघार घेतली तर तात्याबांची बाजारातली अब्रू जाते, असं मी स्वतःला समजावत होतो. (तात्याबांच्या अब्रूची मला त्याआधी कधी एवढी काळजी वाटल्याचं आठवत नाही.) आणि खरं सांगू का? मी डबा मोडणार होतो.

तेवढ्यात सुभेदार कवठ्याच्या स्टँडवर पेटी घेऊन हजर. भरल्या गाडीसमोर गरजले, “ही घे तुझी वस्तू! चाळीस रुपयं जमतील तवा दे!” चाळीस! दाजी, चाळीसात अशा यंत्राची सुईसुद्धा... असो. मला लख्ख दिसलं की काय घोटाळा झालाय. तात्याबांनी शेकड्यानं दाबलं आणि म्हाताऱ्यानं दहानं धरलं. म्हणजे एका बहिऱ्या माणसाला आम्ही पडवीत बसून, त्याचा गूळ खाऊन लुबाडलं. मी हातवारे करून, पाटीवर खडूनं आकडे लिहून सांगायला गेलो, तर ते भडकले. “फौजेत शब्द एकदाच देत्यात. उपरण्याखाली ठरलं ते ठरलं!” आणि पेटी माझ्या जागेवर ठेवून, लगेजचे पैसे माझ्या हातावर ठेवून निघून गेले.

तिथून पेटीचा प्रवास सुरू झाला. मी ती पुढच्या फेरीला परत नेली आणि सूनबाईच्या हवाली केली. सुभेदारांनी ती सांगलीला परत पाठवली. मी पुन्हा नेली. जी वस्तू पाणसळ लावल्याशिवाय जमिनीवर ठेवायची नाही, ती मिरजेच्या पुढच्या खड्ड्यांतून इतक्यांदा गेली आहे की मला तिच्याकडं बघवत नाही. दर फेरीला मी स्वतःच लगेज फाडतो. रोजचे उतारू आता पेटीला ओळखतात. आमचा ड्रायव्हर गुंडा गाडी सुरू करण्याआधी मागं वळून विचारतो, “सासुरवाशीण बसली का?” आणि एक आडतवाला मला परवा म्हणाला की पास काढून ठेव, स्वस्त पडेल.

परवा पेटी पुन्हा घरी आली तेव्हा मात्र शालूनं दारात मला अडवलं. मी तिला माझी बाजू समजावून सांगितली. चारशेची वस्तू चाळीसात घेणं माझ्या मनाला पटत नाही, मी गरीब असेन पण असा तसा माणूस नाही, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “चारशेला घ्यायला निघाला हुता, तवा माझ्या मशिनीचं काय वाटलं न्हाई मनाला? आणि आता चाळीसाला आली तर एकदम संतमहात्मा झालासा व्हय?” दाजी, याला उत्तर असेल तर पत्रातून कळवा. पेटी तिनं आत घेतली, लुगड्यांच्या ट्रंकेवर ठेवली आणि वर आपल्या धुतलेल्या लुगड्याचा पदर पसरला. डबा जिथल्या तिथं आहे. तिनं तो मोजला नाही, मीही नाही.

आता पेटी घरात आहे आणि तिचा काडीचा उपयोग नाही, हा प्रकरणाचा शेवटचा भाग. हे यंत्र मुकं आहे. तबकडी फिरते, सुई चालते, आणि कान अगदी लावला तर मुंगी कुजबुजावी एवढं ऐकू येतं. रेडिओ जोडल्याशिवाय ते तोंड उघडत नाही. सुभेदारांकडचा रेडिओ सूनबाईच्या माहेरचा, तो विकायचा नाही. आमच्याकडं रेडिओ नाही. घरमालकानं खोलीत एक दिवा दिलाय, त्याच्यावर वायर जोडायची म्हणजे दिवा काढून अंधारात बसावं लागणार. काल संध्याकाळी मी आणि शालू दोघंही पेटीला कान लावून बसलो होतो. लीलाबाई साखर मागायला आल्या, आम्हाला बघून न मागताच परत गेल्या.

तेव्हा दाजी, माझी विनंती एवढीच. तुम्ही एके काळचे पलटणीतले, सुभेदार तुमचं ऐकतील (म्हणजे तुमचे हातवारे तरी मानतील). पंच म्हणून या. त्यांना पटवून द्या की सौद्यात घोटाळा झाला होता, सौदा मोडला तर त्यात कुणाचा शब्द जात नाही. पेटी त्यांना परत मिळाली पाहिजे. मोह वाईट असतो हे मी पुरेपूर शिकलो. आता मला काही नको, फक्त एक दिवस स्वस्थ बसू द्या.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. शालू तुम्हा दोघांना वाकून नमस्कार सांगते.

तुमचा थकलेला,
कृष्णात

ता. क. : पंच म्हणून याल तेव्हा रिकाम्या हातानं येऊ नका. तुमच्या माजघरात तो जुना मोठा रेडिओ आहे, ज्याच्यावर आक्का हळदीकुंकवाचं तबक ठेवते. त्याच्या पाठीमागं दोन भोकं आहेत का तेवढं बघा. असतील तर तो घेऊनच या. सौदा मोडायच्या आधी पेटी नीट चालते की नाही हे पंचांनी तपासायला नको का? तपासायला महिना-दीड महिना लागेल असा माझा अंदाज आहे.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवायला भाताची शितं शोधत होतो, तेवढ्यात तात्याबा चुलते दारात. न सांगता, आष्ट्याहून, पटका वाकडा. पाणीही घेतलं नाही. खरसुंडीच्या बाजारात कुणीतरी त्यांना म्हणालं की तात्याबानं बहिऱ्याला फसवून यंत्र लाटलं. सगळ्या हयातीत असं कुणी त्यांना म्हटलं नव्हतं. म्हणून उपरण्याखालचं पहिल्यांदा तोंडात आणायला ते आले होते. मला समोर बसवलं आणि त्यांनी माझा हात आपल्या हातात घेऊन दाखवलं. “म्या हितं मनगटाला दाबलं. चार शेकडं. चुकायला मी काय पोर हाय? त्यानं माझा हात ढकलून बोटावर आणला. म्या परत मनगटावर नेला. त्यानं परत खाली ओढला, आसा की सांधा दुखला माझा. आरं, इकणारा किंमत पाडतोय! म्या डोळ्यानं इचारलं, ह्ये काय? तर त्यानं नुसतं तुज्याकडं बघितलं. गाणं कवाच संपलं हुतं. तबकडी तशीच घरघरत हुती. आणि तू तिच्याकडं तोंड करून बसला हुतास, डोळं मिटून. तुला पत्त्याच न्हाई.”

एवढं सांगून तात्याबा रडले. बैलवाल्याला शोभत नाही म्हणून लगेच थांबले. मग शालूनं भाकरी वाढली, मिलोचीच, ती मात्र त्यांनी खाल्ली.

तेव्हा दाजी, पंच म्हणून यायची तसदी घेऊ नका. रेडिओ तेवढा म्हसवड गाडीच्या कंडक्टरकडं द्या, लगेज मी इथं भरीन. उद्या सकाळी माझी कवठ्याची फेरी आहे. चाळीस रुपये शालूनं माझ्या खिशात घालून वर पिन लावली आहे. सुभेदारांच्या हातात ते ठेवताना काय बोलायचं ते मात्र मला दुपारपासून सुचत नाही. बरं आहे, त्यांना ऐकू येत नाही.